काळजाचा वाटा

करीच्या दिवशी सकाळी सारजाबाईनं आपली पिशवी भरून दाराशी ठेवली. घरातल्या तिघांनी ती पाहिली आणि तिघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

राधाकिशन, तिच्या पाठचा भाऊ, पिशवीला लांबून वळसा घालून गोठ्याकडं गेला. भावजय बबितानं झाडताना पिशवी उचलली, खालून झाडणी फिरवली आणि होती तिथंच, होती त्याच तोंडानं परत ठेवली. भाची धनश्री, चार दिवसांच्या रजेवर पुण्याहून आलेली, पिशवीवरून सरळ उडी मारून बाहेर पळाली. माणसं ओळखायला कधी कधी एवढी एक पिशवी पुरते.

ती पिशवी जाणार कुठं, हा खरा प्रश्न होता. तिचा नवरा, आसाराम दाजी, जाऊन वर्ष उलटलं होतं. मूलबाळ नाही. सिरसाळ्याच्या दोन खोल्यांत सारजाबाई एकटी. दिवाळीनंतर एकदा ती अंगणात पाय घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तासभर आभाळाकडं बघत पडून राहिली. ही गोष्ट तिनं दोन्ही भावांना फोनवर हसत हसत सांगितली. तिच्या हसण्यानंच दोघं घाबरले. संक्रांतीला राधाकिशन तिला नेकनूरच्या मळ्यात घेऊन आला, 'आता हितंच ऱ्हा' म्हणून. तेवढ्यात धाकट्या अंगदचा बीडहून फोन आला, की करीला मी गाडी घेऊन येतो, आक्काला माझ्या फ्लॅटवर नेतो, तिथं लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. सारजाबाईनं हो कुणालाच म्हटलं नाही आणि नाही तर त्याहून म्हटलं नाही. दोन लुगडी, एक शाल आणि औषधाचा डबा पिशवीत कोंबला, एवढंच.

पिशवी अंगदच्या गाडीत एकदा चढली की संपलं, हे राधाकिशनला कळत होतं. बोलून बहिणीला थांबवणं त्याच्या जिभेच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून त्यानं सगळा भरवसा एका कोंबड्यावर ठेवला होता.

*

कोंबडा धनश्रीचा बेत होता. पुण्याच्या हॉटेलात ती दोन वर्षं मांस भाजण्याच्या आणि सॉसच्या बाजूला उभी होती, आणि आपण काय शिकलो ते घरच्यांना दाखवायची खुमखुमी तिला आल्यापासून होती. शिवाय तिचं एक गणित होतं. सारजाआत्या या घरात कोंबडीला तोंड लावत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. कारण विचारलं की आत्या म्हणायची, "पित्त व्हतं गं." मग ज्यात तिखट नाही, येसराचा मसाला नाही, तेलाचा तवंग नाही असा कोंबडा केला तर आत्याला पित्त होणारच नाही. अख्खा कोंबडा, लोणी-लसूण लावून, मंद भाजलेला, आणि तळाशी साठलेल्या अर्काचा वाईन घालून केलेला सॉस. नाशिकची पांढरी वाईन तिनं कपड्यांच्या बॅगेत दोन ओढण्यांत गुंडाळून आणली होती.

कोंबडा कापायला रहमतुल्ला आला. नेकनूरच्या चौकात त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान; आता ते आमेर, त्याचा मुलगा बघतो. कापाकापी रहमतुल्लानं सगळीकडची बंद केलेली, पण त्याच्या बापानं या मळ्याचा कोंबडा कापला आणि त्याच्यामागं यानं, म्हणून एवढं एक घर त्यानं ठेवलेलं. पिसं उपटून, कोंबडा जाळावर फिरवून, हळद चोळून त्यानं सुरा परत हातात घेतला.

"चाचा, तुकडे नका करू," धनश्री ओरडली. "पोट साफ करून अख्खाच द्या."

सुरा थांबला. "अख्खा? आन चुलीवर बसवनार कसा, नवरदेवावानी?"

"कढईत. वरून निखारे. आन नंतर त्यात वाईन."

"काय म्हनलीस?"

"वाईन. द्राक्षाची."

रहमतुल्लानं राधाकिशनकडं पाहिलं. "भाऊ, म्हंजी आज आपला पत्ता कट."

"पोरगी शिकून आलीय बे," राधाकिशन ओशाळून म्हणाला. "तुला बबितानं तिळाच्या पोळ्या बांधल्यात."

"वा रे वा. पस्तीस साल कोंबडा कापला, आज गोडावर वाटेला लावायलेत." पण तो हसत होता. "बेटा, पुढच्या बारीला दोन कोंबडे आन. एक तुज्या द्राक्षाचा, एक माज्या इमानाचा."

धनश्री निखाऱ्याची लाकडं आणायला गेली, तसा राधाकिशन त्याच्याजवळ उकिडवा बसला. "रहमत, काळीज जपून काढ. पित्त फुटू देऊ नको."

"आजवर कवा फोडलं?"

"न्हाई फोडलं. पर आज जपून."

रहमतुल्लानं त्याच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. या घराची बरीचशी भांडणं त्यानं ट्रॅक्टरखाली झोपून ऐकलेली होती. मग काळीज अलगद सोडवून, धुऊन, त्यानं वाटीत ठेवलं. राधाकिशननं ती वाटी स्वतः नेली, लिंबाखालच्या चुलीशेजारच्या ओट्यावर ठेवली, वर बशी झाकली, आणि मोठं काम उरकल्यासारखा हात झटकत पाण्याची मोटार बघायला गेला.

कुणाला काही सांगितलं मात्र नाही. या घरातल्या पुरुषांना वस्तू जागेवर ठेवली की निरोप पोचला असं वाटतं. बापालाही तसंच वाटायचं.

*

बापाचं नाव रामकिसन. पोरं आप्पा म्हणायची. आप्पांच्या हयातीत कोंबड्याचा रस्सा उतरला की वाढायला दुसरं कुणी बसत नसे. पातेल्यासमोर मांडी घालून, पळी तळापर्यंत बुडवून ते स्वतः शोधत. दोन पोरांना दोन तंगड्या. पोरीला काळीज. सारजा फ्रॉक घालायची तेव्हापासून हे असंच. लग्न होऊन ती सिरसाळ्याला गेली तरी माहेरी आली की असंच. पळी वर यायची, आप्पा फुंकर घालायचे आणि ते एवढंसं काळीज तिच्या भाकरीवर ठेवायचे. पोरं कुरकुरली तर म्हणायचे, "तुमच्या तंगड्या हायेत ना? गपा."

आप्पा गेले, आणि दुसऱ्या वर्षी अंगदच्या लग्नानंतरच्या जेवणाला पातेल्यासमोर राधाकिशन बसला. वय तीस, डोक्याला नवा फेटा, अंगात नवं कर्तेपण. पळी बुडवली, काळीज सापडलं, आणि ते त्यानं मोठ्या अदबीनं आसाराम दाजींच्या ताटात वाढलं. जावयाचा मान. दाजी कुणाशी तरी उसाबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी ते तोंडात टाकलं, भाजका शेंगदाणा टाकावा तसं. सारजाच्या ताटात मान आली. मानेचं हाड.

ती ताटावरून उठली नाही. जेवलीही. पण पुढच्या वेळी माहेरी आली तेव्हा म्हणाली, "मला कोंबडीचं पित्त व्हतं." त्यानंतर एकतीस वर्षं तिला या मळ्यात पित्त होत राहिलं. सिरसाळ्यात होत नसे.

राधाकिशनला यातलं काही ठाऊक नव्हतं. बबिताला होतं.

वीस वर्षांपूर्वी अंगणात शेंगा फोडता फोडता सारजाबाईनं तिला सांगितलं होतं, अगदी सहज, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. बबितानं ऐकलं आणि आत ठेवून दिलं. नणंद माहेरात थोडी परकी झालेली त्या काळात बबिताला सोयीचीच होती. सासू जिवंत होती, आणि सासूचा कान दोघींत वाटून घ्यावा लागे. आता सासू नाही. मुलगी पुण्याला, नवरा दिवसभर शेतात, आणि रात्री जेवताना टीव्ही आणि नवरा यांच्यातला जास्त कोण बोलतो तर टीव्ही. घरात भांडायला माणूस उरलं नव्हतं. मागच्या महिन्यात एका रात्री जेवताना बबितानं नवऱ्याला काळजाची गोष्ट सांगून टाकली.

राधाकिशन तोंडाशी नेलेला घास तसाच हातात धरून बसला होता. मग एवढंच म्हणाला, "मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं?" बबिता म्हणाली.

*

अकरा वाजता दोन गोष्टी एकदम झाल्या. अंगदची पांढरी गाडी मळ्याच्या वाटेनं धुरळा उडवत आली आणि लाईट गेली. धनश्रीनं शेजारच्या वस्तीवरून मागून आणलेला विजेचा ओव्हन, कढई सोडून अचानक ज्यावर तिचं मन बसलं होतं, तो जागच्या जागी मुका झाला.

"आता?" धनश्री रडकुंडीला आली. "एकशेऐंशी डिग्री कुठून आणू मम्मी?"

"तुला लई डिग्र्या," बबिता म्हणाली. "आदीच ठरलंवतं ना कढईचं? हो बाजूला."

तिनं जाड लोखंडी कढई चुलीवर चढवली, तळाला कांद्याच्या फोडी अंथरल्या, त्यावर लोणी माखलेला कोंबडा पाठीवर निजवला, वर परात उपडी टाकली आणि परातीवर बाभळीचे निखारे रचले. खालचा जाळ ओढून घेतला. मग परातीच्या कडेला ओला हात लावून पाणी किती वेळात उडतं ते पाहिलं. "झाली तुजी एकशेऐंशी."

धनश्रीनं आईकडं पाहिलं. हॉटेलात हे काम करणाऱ्याला उंच टोपी देतात, असं तिला म्हणायचं होतं. पण आईला ते चिडवल्यासारखं वाटलं असतं.

सतरंजीवर अंगद बहिणीशेजारी बसला होता. माध्यमिक शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झालेला. बोलताना अजून मध्येच थांबून समोरच्याला कळलं का ते बघायचा.

"आक्का, समजून घे. हितं काय हाय? रात्री-बेरात्री काय झालं तर नेकनूरपासनं बीडला न्यायलाच पाऊण तास. माझ्याकडं लिफ्ट हाय. खाली उतरलं की डॉक्टर."

"लिफ्टमदी कोन ऱ्हातं?"

"लिफ्टमदी कोण राहील आक्का? लिफ्ट वर-खाली जायला."

"मंग वर जाऊन मी काय करू?"

"टीव्ही हाय. सूनबाई हाय. तिला आता सातवा चालूय..."

"हां," सारजाबाई म्हणाली, आणि तिळाची रेवडी दाढेखाली फोडली. "आलं भाईर."

अंगद लाल झाला. "तसं न्हाई. तुझी काळजी म्हणून."

"दोनी बी असू दे की. मी काय म्हनले? बाळंतिनीला शेक मी चांगला देते." तिनं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो चिडवायला होता की माया म्हणून, हे अंगदला कळेना. त्यानं तो माया म्हणून घेतला. "पर खरं बोलत जा, अंगद्या. मास्तर झालास आन खोटं शिकलास."

गोठ्याच्या दारात उभा राहून राधाकिशन हे ऐकत होता. फ्लॅटमध्ये तिची गरज होती. गरज ही मोठी गोष्ट. त्याच्याकडं तिला देण्यासारखी गरजसुद्धा नव्हती. होतं ते वाटीत झाकून ठेवलेलं. त्यानं ओट्याकडं नजर टाकली. बशी दिसत होती. बशीखाली वाटी आहे की नाही, हे लांबून दिसत नाही.

*

दुपारी एकला परात उतरली तेव्हा लिंबाखाली असा वास सुटला, की बांधावरची दोन कुत्री उठून बसली. कोंबडा गुळाच्या रंगाचा झाला होता. धनश्रीनं तो दोन उलथन्यांवर तोलून ताटात काढला, वर पातेलं झाकलं आणि म्हणाली, "आता याला दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. रस आत मुरू द्यायचा."

"मेल्यावर बी आराम," सारजाबाई म्हणाली. "नशीबवान हाय."

कढईच्या तळाला कांदा, चरबी आणि काळपट तपकिरी खरवड धरली होती. धनश्रीनं बाटली उघडून अर्धी त्यात ओतली. चर्रर्र करून मोठी वाफ उठली, आणि सारजाबाईनं नाकाला पदर लावला.

"दारू का गं?"

"वाईन आत्या. उकळली की दारू उडून जाते."

"ह्यांची कवा उडाली न्हाई बग."

अंगद हसला, मग दाजी जाऊन वर्षच झालंय हे आठवून त्यानं हसू आवरलं. सारजाबाईला मात्र स्वतःचं बोलणं आवडलं होतं असं दिसलं. धनश्री उलथन्यानं खरवड सोडवत होती, रस आटवत होती, लोण्याचा गोळा टाकत होती. बबिता मान वाकवून बघत होती. "खरवडीचा रस्सा म्हन की सरळ," ती म्हणाली. "पॅन सॉस म्हनं."

पाच ताटं मांडली. धनश्रीनं सुरी घेतली, तेवढ्यात राधाकिशन उठून पुढं आला. "आन हिकडं. मी वाढतो."

तो ताटासमोर मांडी घालून बसला. आप्पा बसायचे तशी, डावा गुडघा थोडा वर. फेटा नव्हता. केसही फारसे उरले नव्हते. त्यानं एक तंगडी अंगदला वाढली. दुसरी बबिताला वाढली, तर ती दचकलीच. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ही पहिली. धनश्रीला छातीचं. धनश्री मागोमाग वाढलेल्या ताटांत चमच्यानं सॉस ओतत गेली, आणि अंगदनं पहिला घास घेतलाही. मग तो ओट्याकडं वळला आणि बशी उचलली.

वाटी रिकामी होती. धुतलेली, पालथी.

त्यानं कोंबड्याच्या पोटात बोटं घातली. अर्धं लिंबू निघालं. लसणाचा गड्डा निघाला.

"काळीज कुठंय?" त्याचा आवाज चिरका आला.

"काय पप्पा?"

"काळीज! वाटीत व्हतं. मी सोता ठेवलंतं."

"ते होय," धनश्री खुशीत म्हणाली. "ते सॉसमध्ये गेलं. परतून, ठेचून घातलं. त्यानंच तर दाटपणा आलाय. आमच्या शेफनं..."

"कुणी सांगितलंतं तुला?" राधाकिशन ओरडला. मुलीवर तो असा कधी ओरडला नव्हता. "इचारायचं न्हाई का? कुनाचं हाय, कावून ठेवलंय, काय बी इचारायचं न्हाई?"

"आरं, एवढ्याशा काळजासाठी..." अंगद म्हणाला.

"तू गप ऱ्हा. ते आक्काचं व्हतं."

चुलीत एक ढलपी फुटली. धनश्रीच्या हातातल्या चमच्यातून सॉसचे थेंब सतरंजीवर पडत होते.

"आक्काला तर पित्त होतं," अंगद हळू आवाजात म्हणाला.

"पित्त न्हाई व्हत भाऊजी," बबिता म्हणाली. "कवाच नव्हतं."

सारजाबाईनं भावजयीकडं पाहिलं. "तू सांगितलंस."

"व्हय."

"कवा?"

"मागच्या म्हैन्यात."

"मी तुला सांगून वीस वर्सं झाली."

"व्हय," बबिता म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "उशीर केला मी आक्का. मुद्दाम केला. तवा मला बरं वाटायचं तुमी जेवला न्हाई की."

असं कुणी कुणाला ताटावर बसून सांगत नाही. राधाकिशन अजून सुरी धरून बसला होता. "आक्का, मला म्हाईत नव्हतं. मला वाटलं जावयाचा मान... दाजीला दिलं म्हंजी तुलाच दिलं. मी..." पुढचा शब्द त्याला सापडेना, आणि तो इकडं तिकडं बघायला लागला, जणू तोही कुणीतरी बशीखाली ठेवला असावा.

सारजाबाईनं कढईत वाकून पाहिलं. तिला रडू येईल असं सगळ्यांना वाटलं. अंगदनं तर खिशातला रुमालही काढला.

"धने," ती म्हणाली, "आता ते हाय कुठं मंग?"

"सगळ्यांच्या ताटात, आत्या. थोडं थोडं. सॉरी आत्या, मला कुणी..."

"रडू नको. कुनीच ताटाला हात लावायचा न्हाई." सारजाबाईनं टोपल्यातली भाकरी घेऊन मोडली आणि गुडघ्यावर हात रेटून उठली. "माजं मी गोळा करते."

ती आधी अंगदपुढं वाकली आणि भाकरीचा तुकडा त्याच्या ताटातल्या सॉसमध्ये बुडवला.

"आक्का, मी उष्टं केलंय!"

"तुजा शेंबूड पुसलाय मी मास्तर. उष्ट्याचं मला सांगू नको." तिनं घास तोंडात टाकला, दुसरा तुकडा घेऊन बबिताकडं सरकली. "तुज्याकडनं दोन घास. वीस वर्सं दाबून ठेवलंस." बबितानं ताट उचलून तिच्यासमोर धरलं; दोन घासांनंतरही धरून ठेवलं, तेव्हा सारजाबाईनं तिसरा घेतला. मग धनश्रीच्या ताटातला, तिच्या गालाला खरकटा हात लावून. शेवटी ती राधाकिशनसमोर बसली. त्याचं ताट कोरडं होतं; त्यानं स्वतःला वाढूनच घेतलं नव्हतं. त्यानं घाईघाईनं कढईतलं चमचाभर घेतलं. ती भाकरी फिरवून ते पुसून खात होती आणि खाता खाता थांबली.

जीभ टाळूला लावून तिनं चव पुन्हा तपासली.

"आंबूस लागतंय," ती म्हणाली. "आप्पा शिंदी घालायचे तसंच."

"आप्पा?" अंगद म्हणाला. "आपल्या घरात शिंदी? आईच्या गळ्यात माळ व्हती."

"म्हून तर. तुमाला पोरांना काय म्हाईत? तुमी झोपलेले असायचे." सारजाबाई नीट मांडी घालून बसली, आणि तिचा आवाज एकदम कुठल्या तरी लांबच्या पहाटेतून यायला लागला. "वड्याच्या पल्याड शिंदीची झाडं व्हती. आता तिथनं रस्ता गेलाय. कोंबडा कापायच्या दिवशी आप्पा मला अंधारात उठवायचे. हातात गाडगं द्यायचे, वर पळसाचं पान बांधायचे. मी पळत जायची. झाडावरनं उतरवनारा मला बघून म्हनायचा, आला का रामकिसनचा पोस्टमन? येताना गाडगं डोईवर, वरनं फेस. सकाळची शिंदी गोड असती, दुपारपर्यंत आंबती. मी ती कडब्याच्या गंजीत लपवायची. आई देवळात गेली की आप्पा रश्श्यात वतायचे अन् मी वाटेवर उभी, आई दिसली की खोकायचं. अशी आमची दोघांची पार्टी."

ती हसली. पुढचे दात नव्हते, म्हणून ते हसणं फार लहान मुलीचं दिसलं.

"काळीज काय लाडाचं नव्हतं राध्या. तुमाला वाटायचं आप्पा पोरीचा लाड करतेत. ते माजं गप बसायचं इनाम व्हतं. ते वाढताना माज्याकडं बघायचे, आन मी बघायची. आईला काय बी कळायचं न्हाई." तिनं रिकाम्या ताटावर बोट फिरवलं. "आप्पा गेल्यावर ते बघनं कुनाकडं ऱ्हाईलं न्हाई. तू ते ह्यांच्या ताटात टाकलंस. ह्यांनी ते खाल्लं बी, आन मला वाटलं, आता हितं माजं गुपित बी उरलं न्हाई. मंग पित्त झालं."

राधाकिशनला पुष्कळ बोलायचं होतं. बापाची ही गोष्ट आपल्याला साठी उलटल्यावर कळावी, आणि ती आपल्याच बहिणीकडं इतकी वर्षं सिरसाळ्यात पडून असावी, याचं त्याला काय करावं कळेना. तो एवढंच म्हणाला, "आजून काय काय म्हाईत हाय तुला आप्पाचं?"

"लई हाय," सारजाबाई म्हणाली. "एका दिसात व्हायचं न्हाई."

बबितानं दुसरी भाकरी मोडली. अंगदनं आपली तंगडी बहिणीच्या ताटात ठेवली. तिनं ती त्याला परत दिली आणि कोंबड्याची पाठ ओढून घेतली. मग सगळेच जेवले. बोलणं फक्त आप्पांचं. धनश्री प्रत्येकाला दर दोन घासांनी विचारत होती, सॉस कसा झालाय, आणि कुणी उत्तर देत नव्हतं. भाकरीनं कढई इतकी पुसली गेली, की ती घासायची गरज उरली नाही.

तीन वाजता अंगदनं घड्याळ पाहिलं. तो उभा राहिला, खिशातून गाडीची किल्ली काढली. "आक्का, निघायचं ना? उजेडात पोचलेलं बरं."

सारजाबाई चूळ भरत होती. पदरानं तोंड पुसत ती गाडीपाशी गेली आणि मागच्या काचेतून आत वाकून बघायला लागली. राधाकिशन लिंबाखालून उठला नाही. बबिता ताटं उचलता उचलता थांबली.

"मागं किती मानसं बसतेत रं?"

"तिघं आरामात."

"दोन शेळ्या बसतील का?"

"शेळ्या?" अंगदला हसू आलं. "आक्का, शेळ्या घेऊन तू फ्लॅटमध्ये..."

"फ्लॅटमदी कोन चाललंय? सुनेला म्हनावं, धा दिस आदी फोन कर, येते मी शेक द्यायला. अन् परत सोड मला." तिनं काचेवर बोट वाजवलं. "सिरसाळ्याला शेजारनीकडं बांधल्यात. उद्या सकाळी जा, घेऊन ये हिकडं. खाली पोतं टाक. आन एक करडू हाय, त्याला फुडं बसव. मागं बसलं की त्याला गाडी लागती."

अंगदनं भावाकडं पाहिलं. राधाकिशन झाडाच्या बुंध्याला टेकून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय ते इतक्या लांबून कळत नव्हतं. अंगदनं किल्ली परत खिशात टाकली. मग जरा विचार करून, मास्तरच तो, त्यानं विचारलं,

"फुडं बसवलं तर पट्टा लावावा लागंल का त्याला?"

"लाव," सारजाबाई म्हणाली. "ल्हान हाय आजून."